स्वतःच्या पायांनी

शेळ्या दारात थांबल्या आणि काही केल्या आत जाईनात, तेव्हा घरातल्या सगळ्यांना माझी आठवण झाली.

तोवर त्या खोलीशी माझा काही संबंध नव्हता. खालचा मळा विकून दिरांनी ती गोठ्याच्या मागे नवी बांधून घेतली होती. चारी बाजूंनी पांढऱ्या फरशा, उताराची जमीन, मधोमध जाळी बसवलेली मोरी आणि भिंतीला नळ. धाकट्या जावेने तिचं नाव ठेवलं निरोपाची खोली. कापायची खोली म्हणायचं नाही, गिऱ्हाइकाला ते आवडत नाही, असं तिने आम्हाला बजावलं होतं. सासूबाई म्हणाल्या, निरोप घेणारा माणूस परत येतो, निदान खुशाली तरी कळवतो. यांतलं कोण परत आलं तेवढं मला सांग. जाऊ हसली नाही. मनाने ती वाईट नाही, पण धंद्यातल्या शब्दांवर केलेली थट्टा तिला चालत नाही.

दिरांबद्दलही मला वाईट लिहायचं नाही. पूर्वी आमचे बोकड ट्रकने मोठ्या कत्तलखान्यात जायचे. एकदा ते स्वतः त्या ट्रकबरोबर गेले, आणि परत आले ते जेवेनात. काय पाहिलं ते त्यांनी पुरतं कधी सांगितलं नाही; एवढंच म्हणाले की खालच्या थरातली जनावरं वरच्यांच्या घाणीत उभी असतात, आणि उतरताना निम्म्यांचे पाय धड नसतात. तेव्हाच त्यांनी ठरवलं की आपलं जनावर आपल्या दारात, आपल्या माणसांत जाईल. त्यांचं ते दुःख खरं होतं. म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं. लबाड माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

शहरातली दुकानं असा माल घेतात, पण त्यावर एका संस्थेची हिरवी खूण लागते. खूण मिळण्याआधी संस्थेची तपासनीस येऊन कापण्याचं काम प्रत्यक्ष बघते. तिचे नियम बरेच आहेत, पण त्यांतला गाभ्याचा असा: जनावराने कापायच्या खोलीत स्वतःच्या पायांनी यायचं. दोरी नाही, काठी नाही, मागून ढकलणं नाही. दारातून एक जरी मागे फिरलं तरी त्या दिवशीचं काम बंद.

तपासणीच्या आधी दिरांनी नुसतं चालवून बघितलं, आणि तिथेच गाडं अडलं. पांढरी फरशी चमकते, मोरीच्या जाळीखाली काळोख दिसतो, आणि शेळीला पायाखाली काळोख चालत नाही. सगळ्यांत पुढे होता तो आमचा वकील. त्याला वकील म्हणतात, कारण कुठलीही गोष्ट तो तोंडाने बडबडल्याशिवाय मान्य करत नाही. तो उंबऱ्याशी थांबला, मोरीकडे बघून त्याने आपलं म्हणणं मांडलं आणि मागे वळला. त्याच्यामागे सगळे वळले. दिरांनी बादली वाजवली, लाडाने हाका मारल्या. वाटणीच्या वेळीच उगवणाऱ्या नातेवाइकाकडे बघावं तसं त्या सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

गोठ्याचं काम माझं आहे. हे गेले तेव्हापासून मी ते करते. आई आटलेली करडं मी बाटलीने वाढवली आहेत, वकील त्यांतलाच. सकाळी प्रार्थना झाली की मी भरड्याचं घमेलं घेऊन बाहेर येते आणि हाक मारते, आणि कुरणाच्या पार टोकाला असलेली शेळीसुद्धा कान उभारून धावत येते. माझे दोन नेम आहेत. मुकी जनावरं खाईपर्यंत आपल्या तोंडात पाणी घालायचं नाही, आणि दिवसभरात जे नाही ते बोलायचं नाही. याचा मी कधी गाजावाजा केला नाही. सासूबाई करतात, पाहुण्यांना सांगतात की आमच्या मोठीला खोटं बोलता येत नाही, तिला काही विचारू नका, घरची अब्रू जाईल.

रात्री जेवताना दिरांनी विषय काढला. फार नम्रपणे काढला. वहिनींनी नुसती खोलीच्या पलीकडच्या दाराशी उभं राहून हाक मारायची आणि निघून जायचं. पुढचं बघायचं नाही, ऐकायचं नाही, तिथे थांबायचंसुद्धा नाही.

मी नको म्हटलं.

त्यांना वाटलं, मी मांस खात नाही म्हणून. खायला कुणी सांगत नाही, ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की सगळं कसं असतं: डोक्याला यंत्र लावलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत शुद्ध जाते, भीती नाही, कळ नाही, शेजारच्या जनावरालाही पत्ता लागत नाही. ट्रकपेक्षा हे चांगलं नाही का, असं त्यांनी मला सरळ विचारलं.

चांगलं आहे, मी म्हटलं.

"मग अडतं कुठे, वहिनी?"

"माझी हाक म्हणजे भरडा, एवढंच त्यांना माहीत आहे. मी ती मारून त्यांना कापायला आणलं, तर ते खोटं बोलणं झालं. माणसाशी असो की बोकडाशी."

जावेने ताट बाजूला सारलं. तिचं बोलणं गोड, पण नेमकं वर्मावर बोट ठेवतं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही रोज सकाळी पेलाभर दूध घेता. दुधासाठी शेळी व्यायला लागते, आणि निम्मी करडं बोकड निघतात. त्या बोकडांचं काय करायचं, ते तुमचा देव सांगतो का?"

 तुझं खरं आहे, मी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी पेला घेणं सोडलं. जावेला वाटलं मी रुसले. सासूबाई म्हणाल्या, आता चहाही कोरा, घरात फुकटची संन्यासीण वाढली. रुसवा नव्हता तो, आणि दूध सोडल्याने माझे हात स्वच्छ झाले असंही मी समजत नाही. इतकी वर्षं प्यायलेलं दूध काही परत जात नाही. पण माझ्यावर डाग आहे म्हणून आणखी एक लावून घ्यायला काय हरकत आहे, हा हिशेब मला पटला नाही.

सासूबाईंचं मत वेगळंच होतं. त्यांच्या वडिलांचं खाटकाचं दुकान होतं, आणि दात हलायला लागले तरी त्यांना मटण लागतं. त्यांचं म्हणणं असं की मारायचं तर मारा आणि खायचं तर खा, त्यात एवढं गोंजारणं कशाला. माझा बाप रागीट होता, पण ज्याला कापायचं त्याला त्याने कधी बाळ म्हटलं नाही, असं त्या दिरांना म्हणाल्या. दिरांनी मान खाली घातली, पण ऐकलं नाही.

पुढचे काही दिवस घरात कुणी माझ्याशी कामापुरतंही बोललं नाही. शेवटी दीरच गोठ्यात आले. खूण मिळाली नाही तर खोली अशीच पडून राहील, मळा तर गेलाच आहे; मग सगळे बोकड पुन्हा त्याच ट्रकमधून त्याच ठिकाणी जातील, आणि ते पाप तुमच्या नेमाच्या नावावर पडेल, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. शेवटी हळूच म्हणाले, की ज्या घरात राहायचं त्या घराच्या पोटावर पाय देता येत नाही.

यातली धमकी मला कळली. हे गेल्यावर या घरात माझं असं काही नाही; गोठा आहे आणि माझी खोली आहे, तीही त्यांच्या मनावर. मी म्हटलं, दोरी लावून न्या, मी आडवी येणार नाही. मग खूण कशी मिळणार, ते म्हणाले. मी म्हटलं, ते तुम्ही आणि खूण बघून घ्या. माझा आवाज त्यात नको.

त्या रात्री मी देवापुढे बराच वेळ बसले. त्याने काही सांगितलं असं मी म्हणणार नाही. तो सहसा सांगत नाही. उठले तेव्हा माझं उत्तर बदललेलं नव्हतं, एवढंच.

तपासनीस बाई ठरल्या दिवशी आल्या. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, हात धुतले, आणि कामाला लागण्याआधी गोठ्यात येऊन वकिलाच्या कपाळावर खाजवलं. अगदी प्रेमाने. त्यांनी मला सांगितलं की बरीच वर्षं त्यांनी मांस सोडलं होतं. अशी शेतं निघाली म्हणून मनाला पटलं आणि पुन्हा सुरू केलं. दिरांनी त्यांना माझ्याबद्दल सांगून ठेवलं होतं की वहिनींना बरं नाही, त्या आत राहतील. मी बरी आहे, मी म्हटलं. बाई दिरांकडे बघायला लागल्या, दीर छताकडे. सासूबाई पायरीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, मी सांगितलं होतं.

मला स्वयंपाकघरात पाठवलं. सकाळपासून शेळ्यांना काही दिलं नव्हतं; कापायच्या आधी पोट रिकामं ठेवतात. त्यामुळे माझ्याही घशात पाण्याचा थेंब नव्हता. ओट्याशी उभी होते, आणि तेवढ्यात गोठ्याच्या मागून हाक आली.

"या रे या, बाळांनो, भरडा आलाय, या."

माझा आवाज होता.

जावेने मागे कधीतरी गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून माझी चित्रफीत काढली होती. सकाळचं ऊन, मी, घमेलं, आणि धावत येणारा कळप. त्यातली हाक तेवढी काढून तिने त्या खोलीत एका कर्ण्यावर लावली होती. घमेल्यावर मूठ आपटल्याचा आवाजसुद्धा होता त्यात. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

लोक म्हणतात, आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो. मला वाटला नाही. तो माझाच होता, आणि खरं बोलत होता; ज्या सकाळी चित्रफीत काढली त्या सकाळी भरडा आलेलाच होता. खिडकीतून मला दिसलं, की कान उभे झाले, माना वळल्या आणि सगळे पळत सुटले. वकील सगळ्यांत पुढे. उंबरा, फरशी, मोरी, काही बघितलं नाही त्याने. आत गेला.

मी ओरडू शकले असते. कर्णा फोडू शकले असते. खरं सांगायचं तर यातलं काही मला सुचलं नाही. मनात आलं ते एवढंच की बोलावलंय, आणि ती आली आहेत.

मी कोठीत गेले, घमेलं शिगेपर्यंत भरलं आणि त्या खोलीत शिरले.

त्या दिवसापुरता बोलावलेला खाटीक यंत्र हातात घेऊन उभा होता. मला बघताच त्याने ते खाली केलं आणि भिंतीला लागून उभा राहिला. चालू हत्याराजवळ दुसरं माणूस आलं की थांबायचं, हा त्यांचा शिरस्ता आहे. मी भरडा पांढऱ्या फरशीवर ओतला, मोरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लांबच लांब. दारात घुटमळणारे आत घुसले. दुसऱ्यांदा घमेलं भरून आणलं तोवर अख्खा कळप आत होता, फरशी दिसेनाशी झाली होती, आणि जावेने सकाळी पुसून लख्ख केलेल्या त्या खोलीत लेंड्या टपटपत होत्या. वर कर्ण्यातून मी या रे या म्हणत होते, आणि खाली मी घालत होते.

दीर दारात आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी, हे काय चालवलंय?"

"हाक माझी आहे, भाऊजी. खायला बोलावलं होतं. खायला घालते आहे."

बाईंनी जावेला आधी तो आवाज बंद करायला सांगितलं. जावेला बटण सापडेना, त्यामुळे मी आणखी दोनतीनदा हाक मारली. मग शांत झालं. फक्त चावण्याचा आवाज राहिला.

बाई माझ्याजवळ आल्या. त्यांना राग आला नव्हता. त्या म्हणाल्या, आवाज लावू नये असा नियम कुठेच नाही, आणि इतका निवांत कळप त्यांनी आजवर पाहिलेला नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "त्यांना कळत नाही, ताई. भीती नाही, दुखणं नाही. याहून चांगलं मरण माणसाच्याही वाट्याला येत नाही."

"असेल चांगलं. पण माणसाला इतक्या हळुवार मारलं तरी त्याचं भलं केलं असं कुणी म्हणत नाही. त्यांना कळत नाही हे खरं. मला कळतं ना. तुम्ही लिहाल, स्वतःच्या पायांनी आली. तसं लिहू नका. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आली, असं लिहा."

त्या म्हणाल्या, त्याला कागदावर जागा नाही. मी म्हटलं, मग कागद अपुरा आहे.

पोटं भरल्यावर आज कापता येणार नाही, हे आता सगळ्यांना दिसत होतं. दीर बाईंना म्हणाले, उद्या या, उद्या सगळं व्यवस्थित होईल. मी मधेच बोलले. उद्या लावा, मी उद्याही घमेलं घेऊन येईन. परवा लावा, परवा येईन. मला कोंडायचं असेल तर बांधावं लागेल, आणि दोरी तर या बाईंना चालत नाही.

सासूबाई बाहेरून हसल्या. ते हसू दिरांना सहन झालं नाही. त्यांनी खुंटीवरचं दावं ओढलं, वकिलाच्या गळ्यात टाकलं आणि फास आवळला. हेच हवंय ना तुम्हाला, खरं हवंय ना, बघा, असं म्हणत त्यांनी ओढायला सुरुवात केली. वकिलाने चारी पाय रोवले. ओल्या फरशीवर खूर घसरले, गुडघे टेकले, आणि तो ओरडला. बोकड ओरडतो तेव्हा लहान मूल ओरडल्यासारखं वाटतं. ऐकलेल्यांना सांगायला नको. बाकीचे भरडा टाकून भिंतीला चिकटले. जावेने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"हाक मारा त्याला," दीर मला म्हणाले. ते धापा टाकत होते. "एक हाक मारलीत तर गप होईल तो. तुमच्यामुळे त्रास होतोय त्याला."

ते खरं होतं. एका शब्दाने वकील शांत झाला असता. माझी जीभ टाळूला चिकटली होती, आणि ती तशीच ठेवायला मला जेवढं बळ लागलं तेवढं आयुष्यात कशाला लागलं नाही. मी बाहेर गेले नाही. तोंड फिरवलं नाही. त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हटलं, "त्रास दोरीमुळे होतोय, भाऊजी. आणि दोरी तुमच्या हातात आहे."

त्यांनी आणखी एकदा हिसका दिला. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी दाव्याकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं आणि सोडून दिलं. वकील गळ्यातली दोरी फरफटत बाहेर पळाला, त्याच्यामागे सगळे. खाटीक यंत्र पुसत म्हणाला, आज काही आपलं जमत नाही, मी निघतो. बाईंनी बुटांवरच्या पिशव्या काढल्या. दोरी त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिली होती. खूण मिळणार नव्हती. जाताना त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत, पण या वेळी वकिलाला खाजवायलाही गेल्या नाहीत.

घरात आल्यावर दीर म्हणाले, ही या घरात राहणार असेल तर मला धंदा करता येणार नाही, काय ते ठरवा. सासूबाई म्हणाल्या, "ती कुठे जात नाही. तिच्या हाकेला कळप येतो, तुझ्या हाकेला तुझा कुत्रा येत नाही. आणि मला संध्याकाळी मटण हवंय. दोन्ही चालेल मला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तूही फार शेफारू नकोस, खोलीभर लेंड्या आहेत, झाडायच्या कुणी.

मी झाडल्या. फरशी घासली. ती खोली अजून तशीच आहे, रिकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाक मारली. सगळे आले, वकील आला नाही. कुरणाच्या टोकाला उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याने काही बडबडही केली नाही. तो मला काय समजला असेल, हे मला कधी कळणार नाही. मी त्याच्या वाटणीचं तिथे नेऊन ठेवलं आणि लांब झाले.

परत आले तर दीर गोठ्यात उभे होते. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. ट्रकवाल्याला बोलावणं भाग आहे, ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फळीवर चढवताना फार घाबरतात. मी पाहिलंय ते. तेव्हा तरी हाक माराल का, वहिनी? त्यांच्यासाठी. खूण नाही, गिऱ्हाईक नाही, काही नाही."

मला त्यांची कीव आली. हे मनापासून लिहिते.

"नाही."

"म्हणजे घाबरू द्यायचं?"

"घाबरू द्यायचं नसेल तर ट्रक बोलावू नका. बोलावलात तर ते ओरडतील, तेव्हा मी तिथे उभी असेन. तुम्हीही उभे राहा. ज्याला खायचंय त्यानेही येऊन उभं राहावं. पण ते ओरडणं थांबवायला माझा आवाज मिळणार नाही."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि नुसता हातात धरून राहिले. मी केरसुणी उचलली आणि गव्हाणीखालचं झाडायला लागले. त्यांनी फोन लावला की नाही ते मी वळून बघितलं नाही. लावला असता, तरी त्या बाबतीत मला आणखी काही सांगायचं नव्हतं.